घोयऱ्यावरची गळती

हसू नका, ऐन वैशाखात एका रंग बदलणाऱ्या घोयऱ्या सरड्यापायी माझी झोप उडाली होती. हेडमास्तर गावाला जाताना तो पिंजऱ्यासकट माझ्या गळ्यात मारून गेले. माय ओरडली, "हाऊ इखारी शे, फेकी दे!" तो विषारी नसतो, हे तिला पटेना.

हिरवळ हवी म्हणून पिंजऱ्यात कण्हेर लावली, तर शेजारचे नाना म्हणाले, "मास्तर, तिला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. जास्वंद लावा."

लावली. पण वाटीतलं पाणी तो पिईना. डोळे पार खोल गेले. शेवटी भीत भीत देवघरातली गळती उचलली, माय वैशाखभर महादेवाच्या पिंडीवर टांगते ते थेंब थेंब गळणारं पाण्याचं भांडं, आणि पिंजऱ्यावर टांगली. पानांवरचे थेंब तो चाटू लागला, तोच दारात माय! तिने तांब्याभर पाणी आणून गळतीत ओतलं.

चार दिवसांनी हेडमास्तर पिंजरा न्यायला आले. माय आडवी आली. "गळती लाई शे ना? वैशाख सरेपर्यंत हालवता येत नाही!"