माझ्या फायद्यातल्या सोफ्याचं काय झालं

नाही, मी म्हणतो, विचारायची काही रीत असते की नाही? भर कारखान्यात, कारागिरांच्या देखत, ही अकाउंटंटबाई मला विचारते, "तुमचा पगार किती?" अहो, माझा पगार? मी मालक आहे! मालकाला कोण पगार देतं? गल्ल्यात हात घालायचा, निघेल ते खिशात टाकायचं, नाही निघालं तर गल्ला बंद करून शीळ घालत बाहेर पडायचं... याला म्हणतात धंदा! तुम्हाला सांगतो, सोफे बनवण्यात केस पिकले माझे, पण असा अपमान कधी झाला नव्हता. अकाउंटंटकडून माणसानं अपेक्षा करायची तरी काय, सांगा!

आमचे आधीचे अकाउंटंट होते ना, त्यांना आम्ही चिंतानको म्हणायचो. काय माणूस! वर्षातून एकदा उगवायचे, कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट. आले की सगळ्यात नव्या सोफ्यावर अंग टाकायचे, "वा! काय गुबगुबीत बनवलाय हो!" मग चहा. मग, "इथे सही... इथे सही... आणि इथे एक." मी विचारायचो, "कसं चाललंय आपलं?" ते म्हणायचे, "उत्तम! चिंता नको!" संपलं! कसली विचारपूस नाही, कसली कटकट नाही. छाती कशी फुगायची माझी!

आणि एक दिवस करखात्याची नोटीस आली. विवरणपत्रंच भरलेली नाहीत, म्हणे! मग मी इतकी वर्षं सह्या केल्या त्या कशावर? फोन लावला, बंद. घरी गेलो, कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते ना? मुलीकडे गेले राहायला, लांब." म्हटलं, "परत कधी येणार?" म्हणाली, "तसं काही बोलले नाहीत. पण कोणी विचारत आलं तर सांगा म्हणाले, चिंता नको."

दंड भरला, आणखी काय करणार! दातओठ खात भरला. मग आमच्या हिनं ही बाई शोधून आणली. हिच्या मावसबहिणीची मैत्रीण. आमची ही म्हणाली, "फार चांगल्या आहेत हो." आता चांगली अकाउंटंट म्हणजे काय, तुम्हीच सांगा! चार पैसे कर वाचवेल, दोन शब्द गोड बोलेल, आपल्याला कळणार नाही असं काहीतरी इंग्रजी बोलून निघून जाईल... हो की नाही? अकाउंटंटकडून माणसानं आणखी अपेक्षा करायची तरी काय?

तर ही बाई आली ती सोफ्यावर बसेचना! स्टूल घेतलं आणि थेट कारागिरांच्या मधे. "हा फोमचा तुकडा का टाकला? हे रेक्झिन कापताना वाया किती जातं? ही बिजागरी परत आली तर बदलून कोण देतं, त्याचे पैसे कोण भरतं?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही हिशेब बघा ना, बिजागऱ्या काय बघता!" तर म्हणते, "हिशेब इथूनच तर सुरू होतो." आणि महिन्याच्या महिन्याला फोन! जेवायला बसावं, घास तोंडाशी न्यावा, की फोन. "त्या घाऊक दुकानदाराकडून पैसे आले का? नाही? मग त्याला पुढचा माल कसा काय पाठवलात?" अहो, सख्ख्या आईनं कधी माझी एवढी उलटतपासणी घेतली नाही!

आता ऐका खरी गंमत. गंमत कसली, दुखणं! माझा सोफा-कम-बेड माहीतच असेल तुम्हाला. नसेल तर तुमचं दुर्दैव! माझ्या डोक्यातून निघालेला तो. दिवसा सोफा, रात्री पलंग, पोटात खण, आणि कव्हर असं की शिवण शोधून दाखवा! धडाधड खपायचा. तो घाऊक दुकानदार तर टेम्पो भरभरून न्यायचा. मी मनाशी ठरवलं, बाजूचा गाळा घ्यायचा, घर गहाण टाकायचं, आणि नुसते सोफा-कम-बेडच काढायचे! बयाणा घेऊन उभा होतो. बाईंना म्हटलं, "बँकेचे कागद तयार करा."

बाई म्हणाल्या, "थांबा. या प्रत्येक सोफ्यामागे तुमचं नुकसान होतंय."

मी हसलो. खो खो हसलो! म्हटलं, "बाई, लाकूड धरा, फोम धरा, कापड, कारागीर, टेम्पो, सगळं धरा. वर चार पैसे सुटतातच की!"

"कव्हरं कोण शिवतं?"

"बायको."

"त्यांना काय देता?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "...मान देतो."

कारागीर फिदीफिदी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाहेरून शिवून घेतली तर जी मजुरी पडेल, ती यात धरा. बघा काय उरतं." धरली. काय उरलं? काहीच नाही! उलट पदरचे जात होते! बाई म्हणतात, "म्हणजे तुम्हाला सोफ्यात फायदा नव्हताच. जे सुटत होतं ते वहिनींच्या मजुरीचं होतं. दुप्पट सोफे काढलेत तर त्या दुप्पट शिवणार का? कधी?"

माझं डोकंच सणकलं! माझा सोफा, माझा, आणि नुकसानीत? म्हटलं, "तुम्ही माझ्या बाजूच्या की कोणाच्या?" तर शांतपणे म्हणते, "तुमच्याच. म्हणून तर सही करायच्या आधी सांगतेय. वाईट बातमी वेळेवर सांगायची, तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायची, आणि विचारलं नाहीत तरी सांगायची, याचेच पैसे घेते मी. गोड ऐकायचं असेल तर दुसरं कोणी बघा."

"बघतो!" म्हटलं. "उद्यापासून येऊ नका!"

बाईंनी पिशवीची चेन लावली. आणि तेवढ्यात मागचं शिवणयंत्र थांबलं. ते कधी थांबत नाही हो... इतकी वर्षं त्याचा आवाज ऐकतोय, ऐकू यायचाही बंद झाला होता. आमची ही उठली, मानेवर हात दाबत म्हणाली, "घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही मिळणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

गाळा गेला. एका गादीवाल्यानं घेतला. रोज सकाळी कुलूप काढताना माझ्याकडे बघून हसतो मेला! मीही हसतो. काय करू? बाईंना फोन केला, "बाई, जरा... बोलण्याच्या भरात..." पुढचं वाक्य मी तयार करत होतो तोवर पलीकडून, "ठीक आहे. मागच्या महिन्याची बिलं आणून द्या." अहो, माफी तरी नीट मागू द्याल की नाही!

मग बाईंनी सोफ्याचा भाव वाढवायला लावला. घाऊक दुकानदार ओरडला, "वेड लागलं का तुम्हाला?" आणि गेला. मी लगेच बाईंना फोन लावला. बाई म्हणतात, "जाऊ दे. तो नेत होता म्हणून तर बुडत होतात." आणि खरं सांगू? सांगायला जिवावर येतं, पण सोफे आता निम्मे निघतात आणि हातात पैसा जास्त राहतो. म्हणजे आता तक्रार करायचीही सोय राहिली नाही! अकाउंटंटकडून माणसानं अपेक्षा करायची तरी काय, सांगा!

मलाही पगार लावला. मोजका. गल्ल्यात हात घातला की कारागीर खोकतात. आणि हिलाही पगार! हिनं स्वतःचं खातं उघडलं, आठवड्याची सुट्टी घेतली, मान डॉक्टरांना दाखवली. आता परवा काय झालं, त्या गादीवाल्यानं हिला विचारलं, "वहिनी, आमच्याकडे शिवाल का? जास्त देईन." मी धावत बाईंकडे. म्हटलं, "आता?" बाई म्हणाल्या, "अशी कारागीर सोडणं तुम्हाला परवडणार नाही. पगार वाढवा, नीट बोला."

काल बोललो. शर्टाची बटणं लावून, समोर खुर्चीत बसून, स्वतःच्या बायकोशी! म्हटलं, "आम्ही तुमचा पगार वाढवायचं ठरवलंय."

म्हणाली, "विचार करून सांगते."

...बसलोय वाट बघत.