स्टीमचा किलो

मी मूळची बारवीकडची, डोंगरातला पाडा आमचा, भात लावायचं, रानातनं लाकडं आनायची, दुसरं काय नाय, नि लगीन करून खरवईला आले ती ह्या दोन भावांच्या घरात, आनि काय सांगू तुमाला, थोरल्या दिराचं नि माजं पयल्यापासून जमलं नाय. दिराला अहो-जाहो करतात बायका, मी बी करायची. आता नाय करत. तुमी लिवताना तो असंच लिवा, त्याला मान देऊन माजं बोलनं नासवू नका.

दोघं भाऊ अंबरनाथला कापड रंगवायच्या कारखान्यात, बायलरवर फायरमन. सकाळची पाळी त्याची, दुपारची आमच्या ह्यांची, नि मी तिथंच कोळशाच्या पाट्या वाहायची. जोडीला उल्हासनगरच्या कॅम्पातली एक सिंधी बाई, देश सोडून आलेली, तिला माजी भाषा येत नव्हती नि मला तिची, तरी आमचं कधी भांडन झालं नाय, आनि घरातल्या मानसाशी एक दिस सुखाचा गेला नाय, आता बोला. ती पाट्या भरायची नि मी उचलायची. असो, मी बायलरचं सांगत व्हते.

बायलरला घड्याळावानी एक गोल तबकडी असते, गेज म्हनतात, आत वाफेचा जोर किती ते काटा दाखवतो. जुना गेज रतलाचा, म्हंजे पौंडाचा, व्हता. ऐंशी रतलावर काचेवर लाल रंगाची रेघ मारलेली, बरोबर वर, मधोमध. फायरमन लोक आकडा वाचतच नसत, काटा रेघेला लागला की कोळसा थांबवायचा, सगळ्या कारखान्यांतनी हीच रीत. आनि एक सेफ्टी वाल असतो, त्याच्या दांड्याला लोखंडी वजन टांगलेलं, वाफ जास्ती झाली की दांडा उचलतो नि वाफ बोंबलत बाहेर पडते. मला काय कळतंय म्हनाल, पन रोज तिथंच राबायची तर कळनारच की.

मंग तो गेज बिघडला नि परदेशी नवा आला, किलोचा. त्याची काच वाटेत फुटलेली, तर फिटरनं जुन्या गेजची काच बसवली, मापाला बसली म्हनून सगळे खूश, नि जुनी लाल रेघ त्या काचेसंगं नव्या गेजवर आली. कोनाच्या ध्यानात आलं नाय. काटा रेघेला लागायच्या आतच वाल बोंबलायला लागायचा. आमचे हे म्हनाले, दादा, कायतरी चुकतंय, ऱ्हाऊ दे, साहेबाला सांगू. तर हा खवळला, म्हने तुजा जाळच ढिला, साहेबाला काय सांगतोस, मला इच्यार. ती रेघ आता आठ किलोवर हाय, नि किलो म्हंजे सव्वादोन रतल, बाजारात नवी वजनं आलीत ती बगितली नाय का तू, आठ किलो म्हंजे अठराच रतल, ऐंशीवर चालनारा बायलर अठरा रतलानं फुटतोय व्हय रं? वालच बिघडलाय. असं बोलून त्यानं ह्यांच्या माघारी वालाच्या दांड्याला आनखी एक लोखंड तारेनं बांधलं, मला ते मागनं दिसलं. मंग वाल गप झाला नि काटा रेघेला लागला, नि हा मिशीवर हात फिरवत गेटाबाहेर चहाला. सगळ्यांला सांगायचा, मी वाल सुधारला.

आनि एक दिस दुपारी, आमच्या ह्यांच्या पाळीत, बायलरची नळी फुटली. मी पाटी घेऊन दारातच व्हते. सगळी वाफ ह्यांच्या तोंडावर. मी वरडत आत गेले, तर हा चहाच्या दुकानातनं धावत आला, नि पयलं काय केलं ठावं हाय? भावाकडं नाय बगितलं. दांड्याची तार सोडली नि ते लोखंड राखेच्या ढिगात फेकलं. भाऊ जमिनीवर तडफडतोय नि ह्याचे हात तारेवर! ह्या डोळ्यांनी बगितलं मी.

ह्यांचे डोळे गेले, कायमचे. तपासाला सरकारी साहेब आला, चांगला मानूस, त्यानं आमाला समजावलं की वाफेचा किलो नि दुकानातला किलो येक नाय. दुकानात नुसतं वजन, हितं ते वजन किती जागेवर पडतं ते धरायचं. रतल पडतो एका इंचाच्या चौकोनावर, किलो पडतो बोटाच्या नखाएवढ्या चौकोनावर, म्हनून वाफेचा एक किलो म्हंजे चौदा रतलाच्या वर. आठ किलो म्हंजे एकशे चौदा रतल. ऐंशीच्या बायलरला एकशे चौदा! मंग त्यानं वाल तपासला तर वाल नीट. त्यानं इच्यारलं, मंग त्या दिवशी हा वाल का उचलला नाय? मी पुढं झाले नि सांगितलं, ह्या थोरल्यानं लोखंड बांधलं व्हतं. तर हा काय म्हनाला, साहेब, नवऱ्याच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. राख तवर उपसून नेलेली. लिवलं गेलं, फायरमननं आकडा वाचला नाय, त्याचं लक्ष नव्हतं. घरी सासू म्हनाली, भावाभावात आग लावू नको. जनमभर मी एकटी बोंबलले, ह्यांचा कसूर नव्हता, ह्यांचा कसूर नव्हता. लोक म्हनायचे, बाय कजाग हाय.

म्हातारपनी तो रोज सांजेला ओट्यावर येऊन बसायला लागला, ह्यांच्यासंगं. एक दिस मी पायरीवरच त्याला आडवी आले. म्हनलं, पयलं लोखंडाचं कबूल कर, मंग पायरी चढ. तर आतनं हे म्हनाले, येऊ दे त्याला, मला ठावं हाय. म्हनलं, काय ठावं हाय? म्हने, लोखंड बांधलेलं मला दिसत व्हतं की. रोज दिसायचं. दादानं बांधलेलं मी कसं सोडू, चार मानसांत त्याला खोटा पाडू?

जिच्यापायी मी सासूच्या शिव्या खाल्ल्या, गावाशी वैर घेतलं, ती गोष्ट ह्यांना पयल्यापासून ठावी, नि मला एका शबुदानं सांगितलं नाय.

आता दोघं रोज बसतात ओट्यावर. कोन जाऊदे म्हनतं, कोन देवावर सोड म्हनतं. मी चहा करते, करावाच लागतो. पन हातात देत नाय कोनाच्या, दोघांच्या मधी फरशीवर ठेवते नि आत येते. हे हातानं चाचपत बसतात कपासाठी. बसू दे.