गुहेत लाईट गेली तवा

आमची माय भर गुहेत बाबावर भडकली होती, ते सांगतलं का तुमाले?

बाबा बेल्लमपल्लीच्या कोळसा खदानीत होते. डुटीवर निघालेल्या माणसाले मागून टोकू नये, घरी आल्यावरबी खदानीचं नाव काढू नये, अशी आमच्या क्वार्टरमधल्या बायांची रीत. त्याच्यानं मायनं खदानीबद्दल कधी काई विचारलंच नाही.

बाबा रिटायर झाले, मंग आमी तिघं विशाखापट्टणमकडच्या चुनखडीच्या गुहा पाहाले गेलो. तवा राज्य फुटलं नव्हतं, आपलंबी आंध्रच होतं, म्हणून गुहाबी आपल्याच! आत लाल-हिरवे लाईट, थंडगार हवा, वरून थेंब थेंब पाणी. मायनं चहूकडं पाह्यलं अन भडकलीच. "अवो, जमिनीखाली अशा गारव्यात डुटी करून घरी पाय दाबून घेत होते काय?"

बाबा नुसते हसले. तेवढ्यात लाईट गेली. लोक बोंबलू लागले. अंधारात मायचा आवाज आला, "अवो, कुठी हाव?"

"इथंच हाय."

"खदानीत असाच अंधार राहे काय?"

"टोपीवर बत्ती राहे ना."

"अन बत्ती गेली तं?"

"मंग बसून राहावं लागे. तुया हातचा डबा राहे जवळ."

लाईट आली तं मायनं बाबाचा हात दोन्ही हातानं गच्च धरला होता. बाबा लाजले. "सोड ना, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या," माय म्हणे. "इतके वर्सं नुसता डबाच होता तुमच्याजवळ."