परिशिष्टातलं वाक्य

सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, सूपच्या रांगेत पुढची दोघं मराठीत बोलू लागली, तसे वसुधाने कान टवकारले.

"सर, युरोपच्या नव्या कायद्यासाठी आपला अहवाल गेला?"

"सकाळीच गेला, मधुवंती."

"प्लास्टिकच्या डब्यातलं रसायन गरम जेवणात उतरतं, हे वाक्य आहे ना त्यात?"

"आहे. पण संशोधनाला पैसे देणारी डब्यांची कंपनी ते नको म्हणून हटूनच बसली, म्हणून मागे परिशिष्टात टाकलंय."

"परिशिष्ट कोण वाचतं, सर?"

"कोणी नाही."

"आणि आपलं विद्यापीठ काय म्हणालं?"

"म्हणालं, वाक्य काढलं तर नाही ना!"

"आणि तुम्ही?"

"मी सही केली."

रांग पुढे सरकली.

"टेक-अवे?" काउंटरवरच्या बाईंनी प्लास्टिकचा डबा उचलत विचारलं.

सरांनी होकारार्थी मान हलवली आणि बॅगेतून आपला स्टीलचा डबा काढून पुढे केला.