किती किलो जागा आहे?

रियाधमध्ये कुणी सुट्टीचं तिकीट काढलं, की ओळखीचे लोक आधी बॅगेतल्या वजनाची चौकशी करतात. आमचे हसनभाई दापोलीचे, शेजारच्याच गावचे. इथल्या बत्हा बाजारात त्यांचं दुकान आहे. ते घरी पाठवायचा खजुराचा डबा घेऊनच आले. माझी बायको सुनीता आणि मी तेव्हा आल्प्समधल्या गाड्यांच्या वेळा बघत होतो. दोन दिवस झुरिक, मग गाडीने वर डोंगरात.

“वहिनी, किती किलो जागा आहे?”

“या खेपेला गावी नाही, हसनभाई. स्वित्झर्लंडला.”

“तिथे तुमचं कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग स्टेशनवर न्यायला कोण येणार?”

सुनीता हसली. मला हसू आलं नाही, कारण आईला अजून सांगितलं नव्हतं. आजवरची प्रत्येक सुट्टी मी तिच्याकडेच घालवली होती.

हसनभाई म्हणाले, “मावशींना आत्ताच फोन लावा. बाहेरून कळलं तर जास्त लागेल त्यांना.”

लावला. आईनेही तेच विचारलं, “तिथे आपलं कोण आहे?”

“कोणी नाही, आई. तू नको म्हणालीस तर रद्द करतो.”

ती म्हणाली,

“इथे येऊन तरी माझ्याजवळ कुठे बसतोस? लोकांची पार्सलं वाटत गावभर फिरतोस. जा तू. तिकडे गाडीत निदान सुनीताजवळ तरी बसशील.”

फोनचा स्पीकर चालू होता. हसनभाईंनी खजुराचा डबा हळूच खुर्चीमागे सरकवला.