बीपीचा मोठा पट्टा

तुम्ही माझ्या दंडांचं एवढं कौतुक करताय, तर बाबांबरोबर दवाखान्यात गेलो होतो तेव्हाचं ऐका.

अँजिओप्लास्टी झाल्यापासून बाबा रोज सकाळी पंचवटीतून गोदाघाटापर्यंत पायी जाऊन येतात. मलाही "चल" म्हणायचे. मी म्हणायचो, "बाबा, आमचा ट्रेनर सांगतो, कार्डिओ केलं की कमावलेले मसल जळतात." ते म्हणायचे, "बरं बाबा."

त्या दिवशी त्यांची तपासणी होती. दवाखाना चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मी म्हटलं, "उचलून नेतो तुम्हाला."

"तू हो पुढे. मी येतो सावकाश."

मी ऐटीत दोन-दोन पायऱ्या घेत चढलो. वर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, भिंतीला टेकून नुसता धापा टाकत होतो. मागून बाबा आले आणि रुमालाने शांतपणे चष्मा पुसत उभे राहिले.

सिस्टर धावत आली, मला खुर्चीत बसवलं आणि बाबांना विचारलं, "काका, पेशंटसोबत तुम्हीच ना?"

बाबा म्हणाले, "हो, मीच."

तिने बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला, तर तो माझ्या दंडाला पुरेना. एवढा दम लागलेला असतानाही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तिने आत हाक मारली, "मोठा पट्टा आणा गं!" मी हळूच बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "दंडाचं त्याने बघितलंय, सिस्टर. तुम्ही तेवढं हृदयाचं बघा."