बाइंडरकाकांची कुत्री

नाही नाही, नुसता आवाज बंद करून नाही भागायचं दादा, फोनच बंद करा. थरथरला तरी कळतं तिला. हं, झालं? रागावू नका, पण तुम्ही जिला बघायला आलात ना, त्या शेवटच्या पिंजऱ्यातलीला, तिला फोन सहनच होत नाही. वाजला की ती सुरू होते, आणि ती सुरू झाली की ही सगळी पलटण सुरात सूर मिळवते — मग तुम्ही आणि मी नुसती एकमेकांची तोंडं बघायची. बसा त्या स्टुलावर. पाय डुगडुगतो त्याचा, भिंतीला टेका. मला हात थांबवता येणार नाहीत, ही भांडी घासून झाल्याशिवाय दुपारचं खाणं घालता येत नाही यांना. तुम्ही विचारा, मी घासते. विचारा की. बरं, मीच सांगते.

पिल्लं पुढच्या खोलीत आहेत. लोक तिकडं जातात, तिथूनच परत फिरतात, इथवर कुणी येत नाही. मागं एक बाई आल्या होत्या, म्हणाल्या, फिकट रंगाचं दाखवा, आमच्या सोफ्यावर केस दिसायला नकोत. मी म्हटलं, बाई, मग उशी न्या की! — मनात म्हटलं हो, तोंडावर नाही. तोंडावर म्हटलं असतं तर साहेबांनी मलाच पिंजऱ्यात घातलं असतं. आणि तुम्ही आलात ते सरळ आत, मधे कुठं थांबला नाहीत, थेट तिच्यापुढं जाऊन उभे. म्हणून विचारते, कुणी सांगितलं तिच्याबद्दल? पुढच्या टेबलावरच्या मुलीनं? बरं, असू दे. नसेल बोलायचं तर नका बोलू. तर आधीच सांगते, ती म्हातारी आहे. मागचा उजवा पाय थंडीत धरतो. आणि खात नाही. आल्यापासून नीट खाल्लंच नाही तिनं. उकडलेलं अंडं झालं, कोंबडीचं पाणी झालं, माझ्या डब्यातलं झालं — हुंगते, माझ्याकडं बघते आणि भिंतीकडं तोंड करते, जसं काही म्हणतेय, तूच खा बाई. चावत नाही. भुंकत नाही, फोन सोडून. नाव? नाव नाही सांगायची मी इतक्यात. नाव कळलं की लोक हाका मारमारून भंडावून सोडतात आणि नेत तर नाहीतच. आम्ही आपलं तिला आजी म्हणतो.

घर होतं तिला. आणि कसलं घर! मी इथून किती कुत्री दत्तक दिली त्याला गणती नाही. काही सुखात आहेत, काही परत आली, काहींचं पुन्हा कानावरच आलं नाही. पण तसं घर हिला एकटीलाच मिळालं. बाइंडर होते ते काका. जुन्या पुस्तकांना नवी पाठ लावायची, सुटलेली पानं शिवायची. खाली दुकान, वर राहायची खोली, माणूस एकटा. पहिल्यांदा आले तेव्हा बोटांना खळ वाळलेली तशीच. म्हणाले, कुत्रं हवंय. मी म्हटलं, काका, वाईट वाटून घेऊ नका, पण कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं आणि तुम्ही फाटकापासून इथवर येताना दोनदा थांबलात. तर म्हणतात, मग माझ्यासारखंच एखादं द्या, दोघं मिळून थांबू. हसले मी, पण दिलं नाही. मग रोज यायला लागले. हिच्या पिंजऱ्यापाशी बसायचे, पेपर वाचायचे, हिलाच वाचून दाखवायचे. शेवटी मी म्हटलं, बरं, पण एवढं सांगा, तुमच्यामागं हिचं कोण करणार? विचारावं लागतं आम्हाला, एवढ्या वयाच्या माणसाला. तर ते झटकन — अगदी क्षणभरही विचार न करता — म्हणाले, मुलगा आहे ना माझा! असं म्हणाले, जसं काही मी विचारलं होतं की उद्या सूर्य उगवणार का. दिली मग.

मी जायची अधूनमधून. कुत्रं नीट आहे की नाही बघावं लागतं. पुढं पुढं आपली उगाचच जायची, त्यांच्या हातचा चहा प्यायला. दुकानात कागदाच्या तुकड्यांचा ढीग, त्यात ही लोळत पडलेली, नाकाला एक तुकडा चिकटलेला आणि डोळा खळीच्या भांड्यावर. पिठाची खळ ना, चाटायची लबाड! काका ओरडायचे, अगं, हे पुस्तक आता तुझ्या थुंकीनं चिकटवू का? आणि हिचा पाय धरला की उचलून घेऊन जिना चढायचे. स्वतःला धाप, आणि वर ही! मी रागावले की म्हणायचे, काही नाही गं, जाड पुस्तक आहे एवढंच.

पुढचं ऐकायचंय? ऐका, न्यायची असेल तर ठाऊक असायला हवं. काका न्हाणीत घसरले. कमरेचं हाड गेलं, उठता येईना. बाहेरचं दार आतून बंद, आणि आत ही दोघंच. ही भुंकायला लागली. आता मला सांगा, कधी न भुंकणारी कुत्री भुंकतेय म्हटल्यावर माणसानं काय करावं? जाऊन बघावं. एवढंच ना? नाही गेलं कुणी. शेजारच्यानं भिंतीवर काठी आपटली. वरच्या बाईनं खिडकीतून बादलीभर पाणी ओतलं, म्हणे डोकं उठलं. आणि आत मधूनमधून फोन वाजत होता — सगळ्यांनी ऐकलाय तो, नंतर सगळे मला मोठ्या चवीनं सांगत होते. फोन वाजला की ही चवताळून भुंकायची. कपाटावर होता फोन. कपाटाच्या दाराला नखांचे ओरखडेच ओरखडे, मी पाहिलेत. पोचत नव्हती हो ती. आणि पोचली असती तरी काय, कुत्रं फोन उचलतं का? असं दोन-तीन दिवस. शेवटी कुणी तरी आम्हाला कळवलं, आणि तेसुद्धा काय म्हणून? कुत्रीचा त्रास होतोय, येऊन घेऊन जा. माणसाचं नावच नाही कुणाच्या तोंडी. मी गेले, सुताराला बोलावून दार उघडवलं. तर ही काकांच्या छातीवर आडवी, पांघरुणासारखी. सुताराला जवळ येऊ देईना. बाहेर टेबलावर अर्धा पाव होता, मान उंचावली की तोंडात येईल असा — त्याला तोंड लावलेलं नाही. मला ओळखत होती म्हणून बाजूला झाली. मी काकांचा हात धरला. उशीर झाला होता, पण फार नाही हो. ऊब होती अजून. सकाळपर्यंत होते ते. आदल्या दिवशी जरी कुणी — जाऊ दे.

आणि तो मुलगा! दूर कुठं मोठ्या हुद्द्यावर आहे. काका त्याच्याबद्दल वाईट बोलायचे नाहीत, पण मला काय कळत नव्हतं? मुलगा म्हणायचा, इकडं येऊन राहा, पण बायकोला कुत्रं चालणार नाही. काका म्हणायचे, येऊ तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. त्यावरून अबोला. वर मी विचारलं की हसून, येईल गं तो ताळ्यावर, माझाच मुलगा आहे. हा ताळ्यावर! अंत्यविधीला आला म्हणे, दुकानाला कुलूप घातलं आणि गेला. कुत्री कुठं आहे, जिवंत आहे की मेली, एका शब्दानं विचारलं नाही. काळजाच्या जागी धोंडा असतो एकेकाच्या. मला भेटला ना कधी, तर मी त्याला —

काय? मोठ्यानं बोला, या मेल्यांच्या ओरडण्यात काही ऐकू येत नाही.

कात्रण?

थांबा. नळ बंद करू दे.

मी तुम्हाला नाव सांगितलं नव्हतं. पुढच्या मुलीलाही ठाऊक नाही ते. कागदाच्या कात्रणांत लोळायची म्हणून काकांनी ठेवलेलं नाव — ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि फोनवर ते ज्याला सांगत असतील त्याला. अरे देवा. तुम्ही — आणि मी आपली तासाभराची तोंड सोडून बसलेय! ती बघा, कुत्र्यांची मुसकी टांगलीत खुंटीला, त्यातलं एखादं मलाच बांधायला हवं होतं. अहो, मग आल्या आल्या सांगायचं नाही का? नुसती मान हलवत बसलात. आता काय, मागं घेऊ का मी सगळं? नाही घेता यायचं. धोंडा म्हणाले ते — ते मी म्हणाले. बसा. पाणी घ्या.

तो फोन तुमचा होता? दरवेळी? म्हणजे तुम्ही तिकडून लावत होता आणि तुम्हाला वाटत होतं, बाबा रुसलेत, मुद्दाम उचलत नाहीत. हो, रुसायचेच हो ते. धडधाकट असते तरी उचलला नसता कदाचित, खरंच सांगते, माझ्यावरसुद्धा रुसायचे, चहाला नाही म्हटलं की. नका असं बघू माझ्याकडं. ऊब? कसली ऊब? अच्छा, ती — ती कुत्रीची हो! कुत्री पडून होती ना अंगावर, तिचीच ऊब. मला काय कळतंय, मी काय डॉक्टर आहे? ते पडल्या पडल्याच गेले असतील, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना, लोक काहीही — काय? डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला? केव्हा गेले ते, सगळं? मग मला कशाला विचारता दादा. मग कशाला विचारता.

नाही. नाही देणार मी. हात जोडू नका. पश्चात्तापानं नेलेली कुत्री मी पाहिलीत. आधी मांडीवर, मग पायापाशी, मग दाराबाहेर, मग पुन्हा माझ्या पिंजऱ्यात. आणि ही एकदा परत आली तर उरायची नाही. तिला घर हवंय आणि तुम्हाला फटके हवेत. रोज उठून तिच्या तोंडाकडं बघायचं आणि आपल्याच थोबाडीत मारून घ्यायची, याला का कुत्रं पाळणं म्हणतात? फोन वाजला की ती भुंकणार — तुमच्या घरात, सगळ्यांदेखत. न्हाणीचं दार लागलं की बाहेर बसून रडणार. ऐकवेल तुम्हाला? ऐकेन म्हणायला काय जातंय. आणि बायको? तिला नको होतं ना कुत्रं? नाही? तिची ना नव्हती? मग कुणाची होती? — तुमची. तुम्हालाच नको होती. बायकोचं नाव पुढं केलंत बाबांपुढं. हं. खरं बोललात, एवढं तरी बरं केलंत.

तुम्ही नेली नाहीत तर काय? ते नका विचारू. सांगितलं ना, नका विचारू. — उद्या डॉक्टर येतात. खात नाही, वय झालंय, पिंजरे कमी. साहेब म्हणतात, उगाच हाल नकोत तिचे. म्हणजे सुई. साहेबही वाईट नाहीत हो, रस्त्यावरून रोज नवी येतात, ठेवायची कुठं? मी सकाळपासून मनात घोकतेय की आज कुणीही आलं, अगदी कुणीही, तरी गोड बोलून तिला त्याच्या पदरात टाकायची. आणि आलं कोण!

उठा. चला, ओली फरशी आहे, जपून. गप रे, ए बोक्या, गप! — कुत्राच आहे तो, तोंड तसं म्हणून बोक्या. हं, या. खाली बसा, हात पुढं करू नका. तिला येऊ दे. बोला काही तरी. काय बोलू काय, नाव घ्या तिचं. अजून एकदा. मोठ्यानं.

बघा, कान. कान बघा तिचे! उठली — अगं बाई, उठली ती! आल्यापासून आपणहून उठली नव्हती हो. तुमचा आवाज — त्या भांड्यांच्या खडखडाटात माझ्या ध्यानातच आलं नाही — हुबेहूब काकांचा आवाज आहे तुमचा. ये गं, ये. हुंगू दे तिला. हात हुंगू दे, बाही हुंगू दे. शेपूट बघा.

नाही, अडवू नका. जाऊ दे तिला पुढं. तुमच्याकडं नाही बघत ती. तुमच्या मागं बघतेय, दाराकडं. आवाज आला म्हणजे ते तुमच्या पाठोपाठ येतच असतील, असं वाटतंय तिला.

आता इथं रडू नका. उठा. हा घ्या तिचा पट्टा, काकांनीच शिवलाय, पुस्तकाच्या कापडाचा. घाला. घालू दिलाच बघा. येईल ती. तुम्ही तिला त्यांच्याकडंच नेताय असं वाटतंय तिला, म्हणून येईल. वाटू दे. एक दिवस कळेल, तेव्हा तिच्याजवळ असा म्हणजे झालं. सह्या-बिह्या मी बघते. नको, मला आभार नकोत. मी तुम्हाला माफ-बिफ काही केलेलं नाही, ते माझं कामही नाही. माझी भांडी पडलीत. जा, निघा. आणि गप्प राहू नका वाटेत, तुम्ही थांबलात तर तीही थांबेल — बोलत राहा, काहीही बोला, फक्त बोलत राहा. जा.